तिसरा आवाज

समोर सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि पाठ वळली की उच्चारबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते नाव तिला आवडायचंही. घरातल्या यंत्रांच्या तक्रारी फोनवर घेणारी ती कंपनी. फ्रिज गार करत नाही, कपड्यांचं मशीन फिरत नाही, ओव्हन तापत नाही, असली गाऱ्हाणी घेऊन माणसं इंग्रजीत फोन करायची, आणि इकडे लांबच लांब टेबलांवर कानाला हेडफोन लावून बसलेली मंडळी ती ऐकून घ्यायची, धीर द्यायची, मेकॅनिक कधी येईल ते सांगायची. या मंडळींच्या जिभेला वळण लावायचं काम तिचं.

नव्या तुकडीचा पहिला दिवस म्हणजे नुसती धमाल. फळ्यावर ती चार-सहा शब्द लिहायची आणि एकेकाला उभं करून वाचायला लावायची. हमखास कोणीतरी पावतीला ‘रिसिप्ट’ म्हणायचं. “रिसीट! त्यातला पी मुका आहे,” ती म्हणायची. “मग ठेवलाय कशाला, मॅडम?” “शोभेला!” की वर्गात हशा. मग प्लंबरचा ‘प्लमर’ व्हायचा, कम्फर्टेबल आखडून ‘कम्फ्टबल’ व्हायचं, आणि शेवटी यायची तिची नक्कल. कोणी स्कूलला इस्कूल म्हणतं, कोणाला ‘श’ जमत नाही, कोणी शब्दाची शेपटी ओढत ओढत पार दाराबाहेर नेतं. सगळं ती असं हुबेहूब करून दाखवायची की पोरं पोट धरून हसायची. पहिल्या वाक्यात माणूस कुठल्या बाजूचा ते ती ओळखायची आणि तसं तोंडावर सांगायचीही. ज्याची नक्कल व्हायची तोही हसायचा, इतरांपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. मग तो दिवसभर गप्प असायचा.

ते गप्प राहणं तिच्या ओळखीचं होतं. असायलाच हवं होतं. लाकडाच्या वखारीमागच्या दोन खोल्यांत ती वाढली. आई लवकर गेली, वडील दिवसभर करवतीच्या आवाजात, आणि हिला लहानाची मोठी केली ती थोरल्या बहिणीने. ताईने शाळा सोडली आणि शिवणकाम धरलं. धाकटीला मात्र कॉलेजात घातलं. तिथे पहिल्याच महिन्यात हिने उभं राहून एक उतारा वाचला, आणि ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ झाल्याबरोबर सगळा वर्ग फिसकन हसला. त्यानंतर वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. घरी दार लावून रेडिओवरच्या बातम्या ऐकायची आणि त्याच सुरात पुन्हा म्हणायची. ताई बाहेरून विचारायची, “अगं, कोणाशी बोलतेस?” पुढे तिची जीभ इतकी वळली की घरचं बोलणं तिचं तिलाच खरखरीत वाटायला लागलं. आता ते फक्त ताईच्या फोनपुरतं उरलं होतं, आणि तो फोन ती ऑफिसात कधीच घ्यायची नाही.

तर अशी ही बाई. एरवी वाईट नव्हे हो. कोणाला ताप आला तर आधी घरी पाठवणारी, तुकडी पास झाली की स्वतःच पेढे वाटल्यासारखा चेहरा करून फिरणारी. फक्त उच्चाराच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायची नाही.

या वेळच्या तुकडीत एक काका होते. उभा जन्म त्यांनी एका दुकानाच्या काउंटरवर फ्रिज आणि मशीनं विकण्यात घालवला होता. दुकान बंद पडलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते पोरांच्या रांगेत येऊन बसले. पहिल्याच दिवशी त्यांची नक्कल झाली, आणि मग रोजच व्हायला लागली. पण या माणसाला काही लागत असेल तर शपथ! “करा करा, मॅडम, माझी बायकोही करते,” असं म्हणून स्वतःच हसले. फोनवर मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चिडून फोन करणारी माणसं त्यांच्याशी बोलता बोलता शेजारच्या घरात आल्यासारखी सैलावायची. साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मुख्यांनी, एकदा तिला विचारलं होतं, “मॅडम, हे काका टिकतील का? उच्चार फारच गावठी आहेत.” ती चटकन म्हणाली, “माझ्यावर सोडा. मी घडवते त्यांना.”

आता बोलून तर बसली. कच्च्या नोकरीची मुदत संपत आलेली, काकांचं सगळं सुधारलं, पण एक शब्द हटेना. बुधवारला ते ‘वेडनेसडे’च म्हणायचे. “वेन्झडे, काका. डी मुका.” “वेन्झडे,” काका आज्ञाधारकपणे म्हणायचे, आणि पुढच्याच फोनवर पुन्हा वेडनेसडे. आणि नशीब बघा, त्यांच्याकडे ज्या भागातले फोन यायचे तिथे मेकॅनिक नेमके बुधवारीच जायचे.

शिकाऊ माणसाशेजारी बसण्याची तिथे एक पद्धत होती. एकाच फोनला दोन हेडफोन जोडायचे, एक त्याच्या कानाला, एक तिच्या. दोन्हींना माइक. तिने आपला माइक बटण दाबून बंद ठेवायचा, म्हणजे ग्राहकाचं बोलणं तिला ऐकू यायचं, पण ती शेजारी हळूच काय सुचवते ते ग्राहकाला कळायचं नाही. बटणाजवळ एक लाल दिवा. जुन्या हेडफोनवर तो दिवा लागला की माइक बंद. त्या आठवड्यात नवे हेडफोन आले, आणि त्यांच्यावर दिवा लागला की माइक चालू! सगळं उलटं. सकाळी तुकडीला उभं करून हे तिनेच समजावलं होतं, “डोळे उघडे ठेवा, नाहीतर पंचाईत व्हायची,” असा दमही तिनेच दिला होता.

दुपारी जेवायच्या वेळी हॉल निम्मा रिकामा झाला होता. काका फोनवर होते आणि ती शेजारी. एका म्हाताऱ्या बाईचं मशीन पाणी भरून अडलं होतं, आत कपडे, दार उघडेना. काकांनी तिला अशा काही गोष्टी सांगितल्या, असं काही हसवलं की बाई आपली तक्रार विसरून नातवाचं सांगायला लागली. उच्चारबाईला कौतुक वाटत होतं. आणि मग काका म्हणाले, “मेकॅनिक वेडनेसडेला येईल.”

तिने कोपराने ढोसलं आणि नुसते ओठ हलवून दाखवले, “वेन्झडे.” काकांनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, “हो, वेडनेसडे, सकाळी.”

तिचं डोकं सणकलं. साहेबांना दिलेला शब्द आठवला, इतक्या दिवसांची मेहनत आठवली. तिने दिव्याकडे बघितलं. लाल. जुन्या सवयीने तिला वाटलं, माइक बंद आहे.

“अहो, किती वेळा सांगायचं! डोक्यात काय दगड भरलेत का? एवढ्या वयात शिकायला आलात तर नीट शिका तरी! लाज नाही वाटत?”

तिकडच्या बाईचं हसणं तुटलं. मग कापऱ्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, “कोण ओरडतंय माझ्यावर?” काका काही बोलायच्या आत फोन कट.

नव्या हेडफोनवर लाल म्हणजे चालू! दिव्याकडे बघत ती तशीच बसून राहिली. काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एवढ्यात जेवून लोक परत यायला लागले, कोणीतरी तिला हाक मारली, आणि ती उठून गेली. गेली म्हणजे काय, पळालीच.

दुसऱ्या दिवशी बाईची तक्रार आली. परक्या भाषेत कोणा बाईने मला शिव्या घातल्या, असं तिचं म्हणणं. ग्राहकावर ओरडणं म्हणजे तिथे सगळ्यात मोठा गुन्हा. त्यात काकांची नोकरी कच्ची. जेवायच्या सुट्टीतही मॅडम कोणाशेजारी बसतात हे साहेबांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी काकांना विचारलं, शेजारी कोण होतं? काका म्हणाले, “मला सांगता यायचं नाही.” बस्स. त्यापुढे एक अक्षर नाही. साहेबांना वाटलं, हा कोणाला तरी पाठीशी घालतोय. शुक्रवारपर्यंत खरं कळलं नाही तर काकांना काढायचं, आणि तोवर त्यांनी घरी बसायचं, असं ठरलं.

आणि आता यातली खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, शिक्षाच ती. साहेबांनी उच्चारबाईलाच बोलावून घेतलं. “मॅडम, तुमचे कान तयार आहेत. ऐका आणि सांगा, ही कुठल्या बाजूची बाई असेल?”

रेकॉर्डिंग सुरू झालं. काकांचा आवाज, म्हातारीचं हसणं, आणि मग तो तिसरा आवाज. तो तिचा आवाज नव्हताच. शब्दांच्या शेपट्या ओढलेल्या, ‘श’चा ‘स’ झालेला, वाक्य शेवटाला वर चढलेलं. वखारीमागच्या घरात ताई रागावली की अगदी अशीच बोलायची. रागाच्या भरात इतक्या वर्षांचं पॉलिश एका झटक्यात उडालं होतं, आणि खालून हे निघालं होतं.

साहेब तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना जरासुद्धा संशय नव्हता. या आवाजाचा आणि मॅडमचा संबंध असू शकतो, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्या क्षणी बोलली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. शब्द ओठांवर आला होता. पण तिला वर्ग दिसला, फळा दिसला, पोट धरून हसणारी पोरं दिसली. “सांगता येत नाही,” ती म्हणाली. शुद्ध, घासूनपुसून लख्ख केलेल्या उच्चारात.

“सफाईवाल्या बायकांपैकी असेल कोणीतरी,” साहेब म्हणाले. “त्यांच्यातच असं बोलतात. विचारतो त्यांना.” आणि यावरही ती मूग गिळून बसली.

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. वर्गात ‘रिसिप्ट’ ऐकू आलं तरी ती सुधारेना. जेवणाचा डबा उघडायची आणि बंद करायची. मी काही मुद्दाम केलं नाही, दिवा उलटा होता, असं स्वतःला समजावायची, आणि लगेच मन म्हणायचं, दिवा उलटा होता, तोंड कोणाचं होतं? काकांचं टेबल रिकामं होतं. तिकडून जायची वेळ येऊ नये म्हणून ती लांबच्या दाराने फिरून जायला लागली.

आणि शुक्रवारी नेमके त्याच दाराशी काका भेटले. कपाटातलं सामान न्यायला आले होते. हातात एक पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली आणि पाठीला लावायची उशी. तोंड चुकवायला जागा नव्हती.

“काका,” ती म्हणाली. “तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?”

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. “म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. बाईमाणूस आहे, शिकवणारी आहे, तिचं तिने सांगितलेलं बरं. मी मध्ये कशाला तोंड घालू?”

“आणि मी नसतंच सांगितलं तर?”

“नाहीच सांगितलंत की अजून,” काका म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. ती तशीच फिरली आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरली. तिथे साहेब होते आणि दिवसभर रेकॉर्डिंग तपासणारी मुलगी होती. दार लावायचंही तिला सुचलं नाही.

“तो आवाज माझा आहे,” ती म्हणाली.

साहेब आधी काही समजले नाहीत, मग हसले. “मॅडम, बसा. काकांबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय, ते मला कळतं. पण त्यांच्यासाठी तुम्ही असं अंगावर घेऊ नका.”

“अंगावर घेत नाही. मीच ओरडले. दिवा बघायला चुकले.”

“अहो, तो आवाज कुठे, तुम्ही कुठे!”

“थांबा, बोलून दाखवते.” आणि तिने तीच वाक्यं म्हटली. डोक्यात काय दगड भरलेत का, लाज नाही वाटत. पण आता ती ठरवून बोलत होती, आणि ठरवून बोलताना तिला ते बोलणं एकाच तऱ्हेने येत होतं, वर्गातल्या नकलेसारखं. शेपट्या नको तितक्या लांबल्या, ‘स’ नको तिथे आला. तपासणीवाली मुलगी खुदकन हसली. “भारी करतात मॅडम! पहिल्या दिवशी आम्हालाही करून दाखवलं होतं.” साहेबही हसत होते.

ती उभ्या उभ्या रडकुंडीला आली. इतकी वर्षं लोकांच्या बोलण्याची टर उडवून उडवून तिने स्वतःचं बोलणंसुद्धा टर करून ठेवलं होतं. आता ते खरं म्हणून पुढे केलं तर कोणी खरं मानेना.

तिने पर्समधून फोन काढला. ताईचा नंबर लावला, फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

“ताई, मी बोलतेय गं.”

“अगं बाई! या वेळेला?” ताईचा आवाज खोलीभर झाला. मागे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. “बरी आहेस ना? जेवलीस का?”

“जेवले. तुझी पाठ कशी आहे? त्या डॉक्टरकडे जाऊन आलीस का नाही?”

“जाईन गं. तुझं काय, आवाज असा का येतोय? रडलीस का?”

“नाही गं ताई. जरा चुकलं माझ्याकडून. एका माणसाला टाकून बोलले. वडीलधाऱ्या माणसाला बोलले गं, काय काय बोलले.”

बोलता बोलता ते आपोआप झालं. शब्द लांबले, ‘श’चा ‘स’ झाला, वाक्यं शेवटाला वर चढली. ठरवावं लागलं नाही. मुलीचं हसू कधीच मावळलं होतं. साहेब फोनकडे बघत होते, आणि मग त्यांनी हळूच तिच्याकडे बघितलं.

“मग जा आणि पाया पड त्यांच्या,” ताई म्हणाली. “त्यात काय एवढं? पण तू आहेस कुठे? मागे माणसं आहेत का?”

“ऑफिसात आहे.”

मग ताई एकदम हळू आवाजात म्हणाली, “अगं मग आधी नाही का सांगायचं? ठेवते हं मी. कोणी ऐकलं तर तुला कसंतरी होईल.”

तिने तोंडावर हात ठेवला. हे कधी ताईला बोलून दाखवलं नव्हतं. ऑफिसात फोन कापायची आणि घरी गेल्यावर मीटिंग होती म्हणायची, रेंज नव्हती म्हणायची. आणि ताईला सगळं कळलेलं होतं, इतकी वर्षं कळलेलं होतं, आणि ती काही न म्हणता ते ऐकून घेत आली होती.

“ठेवू नकोस,” ती म्हणाली. “ताई, नको ना ठेवूस.” पण ताईने ठेवला होता.

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. पुढचं मग कामासारखं झालं. काकांना परत बोलवायचं, म्हातारीला फोन करून मॅडमनी स्वतः माफी मागायची, सफाईच्या बायकांवर आता संशय नाही, असं त्यांनाही साहेबांनी जाऊन सांगायचं. मॅडमना ताकीद मिळेल. “आणि हे आधी सांगितलं असतंत तर,” एवढं म्हणून साहेब थांबले. पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं.

म्हातारीला तिने फोन केला, माफी मागितली. बाई भली निघाली, नाहीतर ऐकून घेणं जड गेलं असतं. संध्याकाळी ताईशी ती जिन्यात उभी राहून बोलली, येणारे-जाणारे बघत होते तरी बोलली. ताईच पुन्हा पुन्हा विचारत होती, कोणी नाही ना जवळ?

सोमवारी काका आले. पिशवीतून उशी काढून खुर्चीला लावली, बाटली ठेवली, हेडफोन घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, काका हात हलवून “पुरे पुरे” म्हणाले. ती सकाळपासून काय बोलायचं ते मनाशी घोकत होती. त्यांच्या शेजारी, नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसली. दुसरा हेडफोन तिच्या हातात होता.

“काका, माझं चुकलं. फार चुकलं. बोलायला नको होतं ते बोलले, आणि वर गप्प बसले. मला माफ करा.”

“झालं ते झालं, मॅडम,” काका म्हणाले. “तुम्ही सांगितलंत शेवटी. माझ्या मनात काही नाही.” ते खरंच तसं म्हणत होते, हे तिला दिसत होतं. तिला हायसं वाटलं. ती हेडफोनची वायर जोडायला वाकली.

काकांनी त्या वायरवर हात ठेवला.

“एक मात्र विनंती आहे,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी तिची नजर चुकवली. “मी बोलत असताना शेजारी बसू नका. कोणी बसलं की आता शब्दच सुचत नाही.”

इतक्यात त्यांच्या फोनचा दिवा लुकलुकायला लागला. काका फोन न घेता थांबले होते, ती उठायची वाट बघत. तिने वायर गुंडाळली, खुर्ची उचलली आणि पार हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मग काकांनी फोन घेतला. इतक्या लांबून त्यांचं काहीच ऐकू येत नव्हतं.